लक्ष कोठें आहे ?

वर्गांत शिक्षकाच्या तोंडून दिवसभरांत सर्वांत अधिक वेळां बाहेर पडणारें वाक्य कोणतें, याचा हिशेब जर एखाद्या विद्यार्थ्यानें ठेविला, तर "लक्ष कोठें आहे?" हेंच वाक्य पहिलें येईल याविषयीं आम्हांस शंका नाहीं. घरांत आईबापांच्या तोंडींही तें असतेंच. मुलाचें लक्ष खिडकीबाहेर आहे, शेजाऱ्याच्या डब्यांत आहे, फळ्यावर मात्र नाहीं, ही तक्रार शाळेइतकीच जुनी असावी. परंतु हा प्रश्न विचारणाऱ्याचें स्वतःचें लक्ष त्या क्षणीं कोठें असतें, हें विचारण्याची चाल आपल्याकडे पडलेली नाहीं. शिक्षणशास्त्राच्या परीक्षेंत विद्यार्थ्यांचें अवधान कसें टिकवावें या विषयावर आम्हीं तीन पानें लिहून चांगले गुण मिळविले होते. शिक्षकाचें अवधान कसें टिकवावें हा प्रश्न त्या पत्रिकेंत नव्हता. तो आम्हांस पुढें एका तेरा वर्षांच्या मुलानें घातला, आणि तोही न बोलतां.

ही हकीकत आम्ही पूर्वीं ज्या शाळेंत होतों तेथील आहे. दिवाळीची सुटी संपून शाळा भरल्याचा दुसराच दिवस होता. आठवीच्या वर्गावर आमचा मराठीचा पहिला तास होता आणि समास हा विषय चालला होता. समास शिकवितांना आम्हांस विशेष रंग चढतो, हें आमचे जुने विद्यार्थी जाणतात. तत्पुरुष संपवून आम्ही बहुव्रीहीकडे वळलों, तोंच तिसऱ्या बांकावर एक मुलगा हातावर डोकें ठेवून झोंपलेला आमच्या दृष्टीस पडला. आम्हीं डस्टर टेबलावर आपटलें. मुलगा दचकून उभा राहिला. "दिवाळीचे लाडू अजून जिरलेले दिसत नाहींत," असा विनोद आम्हीं केला. वर्ग हंसला. आमच्या विनोदावर वर्ग हंसला कीं आम्हांस बरें वाटतें, ही आमची जुनी खोड आहे. मुलगा हंसला नाहीं आणि रडलाही नाहीं. तास संपेपर्यंत उभें राहण्याची शिक्षा त्यानें मुकाट्यानें भोगली, व समासाचीं उदाहरणें उभ्याउभ्याच वहींत उतरून घेतलीं.

मधल्या सुटींत आम्ही व्हरांड्यांतून जात असतां तोच मुलगा आवारांतील निंबाखालीं बसलेला दिसला. शेजारीं त्याची धाकटी बहीण होती. ती त्याच आवारांतील प्राथमिक शाळेंत दुसरीच्या वर्गांत शिकत असे. मुलानें फडकें सोडलें, भाकरी मोडली, तिच्या कडक कडा काढून स्वतःकडे ठेविल्या आणि मधला मऊ भाग बहिणीच्या हातांत दिला. भाकरी एका बाजूनें करपलेली होती. आम्हीं सहज विचारलें,

"भाकरी कोणी केली रे?"

"म्या केली, सर."

"आणि आई?"

"टोळीत गेली. दोघं बी गेले. काल रातच्याला ट्रक आला व्हता, बारा वाजता."

आम्ही त्यावर कांहींतरी बोललों. काय बोललों तें आतां आठवत नाहीं. आठवतें तें एवढेंच कीं, निंबाखालून परत येतांना लाडवांचा तो विनोद आमच्या मनाला सारखा टोंचत होता. मध्यरात्रीं आईबापांस ट्रकमध्यें चढतांना पाहून, पहांटे उठून भाकरी थापून, बहिणीची वेणी घालून, एस. टी. नें वेळेवर शाळेंत आलेलें मूल पहिल्या तासाला झोंपलें होतें. त्या तासाला वर्गांत झोंपलेलें खरें कोण होतें?

बीड जिल्ह्याबाहेरील वाचकांसाठीं येथें चार ओळी लिहिणें अवश्य आहे. बालाघाटच्या या डोंगराळ, कोरडवाहू मुलुखांतून दरवर्षीं दिवाळीच्या आगेंमागें लाखों स्त्रीपुरुष ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांतील आणि कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे जातात, व चैत्र-वैशाखाच्या सुमारास परत येतात. मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतलेली असते, तिला उचल म्हणतात. ती फेडावयाची असते. नवरा-बायकोची जोडी धरून एक 'कोयता' मोजतात. माणसांच्या जोडीला हत्याराचें नांव पडावें, यावरून त्या व्यवहारांत माणसाकडे किती लक्ष असेल याचा अंदाज वाचकांनीं बांधावा. मुलांपुढें दोनच वाटा असतात. आईबापांबरोबर फडावर जावें आणि शाळा बुडवावी. किंवा गांवीं आजीजवळ राहावें आणि शाळा राखावी. दुसरी वाट धरणाऱ्यांसाठीं शाळांतून हंगामी वसतिगृहें चालवितात. म्हणजे मूल राहतें गांवांतच आणि जेवणाची सोय शाळेकडून होते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं संत भगवानबाबांच्या नांवानें शासकीय वसतिगृहांची एक योजनाही २०२१ सालीं मंजूर झाली. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु कोणत्याही योजनेच्या यादींत नांव घालावयास तें मूल अगोदर कोणाच्या तरी डोळ्यांत भरावें लागतें.

त्याच आठवड्यांत शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही त्या मुलाबरोबर त्याच्या घरीं गेलों. त्याची वाडी कपिलधारच्या बाजूच्या डोंगरांत होती. बीडहून दक्षिणेस जाणाऱ्या रस्त्यावर मांजरसुंबा हें गांव लागतें; तेथून जवळच डोंगराच्या कुशींत कपिलधार आहे. वरून कड्यावरून पडणारी पाण्याची धार, खालीं दरी, आणि तेथें वीरशैव संतकवि मन्मथस्वामी यांची समाधि, असें तें स्थान आहे. 'परमरहस्य' हा स्वामींचा मराठी ग्रंथ लिंगायत समाजांत मोठ्या भक्तिभावानें वाचला जातो. कार्तिकी पौर्णिमेस येथें मोठी यात्रा भरते व दूरदूरच्या दिंड्या पायीं चालत येतात. आम्ही गेलों तेव्हां पौर्णिमेला चार दिवस उरले होते. रस्त्यानें एका बाजूनें भगव्या पताका घेतलेलीं माणसें भजन करीत येत होतीं, आणि दुसऱ्या बाजूनें अंथरुणें, भांडीं, कोंबड्या व लहान मुलें भरलेला एक ट्रक घाटाकडे निघाला होता. आमच्याबरोबरचा मुलगा त्या ट्रकाकडे, तो वळणाआड होईपर्यंत, पाहत राहिला. आम्हीं त्या वेळीं कांहीं विचारलें नाहीं. चार दिवसांत आम्ही तेवढें शिकलों होतों.

आजीला दिसत कमी होतें. तिनें चहा ठेवावयास नातीला सांगितलें आणि आम्हांस म्हणाली, "गुरुजी, पोरगं रातच्याला झोपतच न्हाई. दाराला कडी हाय का ती उठून उठून बघतंय. बाप सांगून गेलाय ना, घर तुझ्यावर हाय म्हणून."

चहा झाल्यावर भाऊबहिणींनीं आम्हांस धार दाखवावयास नेलें. पाऊस संपून महिना लोटला होता, तरी धारेला पाणी होतें. खालीं उतरावयाचे दगड ओले व शेवाळलेले होते. आम्हांस वाटलें, आतां हा बहिणीचा हात धरील. त्यानें हात धरला नाहीं. तो तिच्या एक पाऊल खालीं उतरून उभा राही, ती उतरे. मग तो आणखी एक पाऊल खालीं जाई. तोंडानें "इथं पाय ठेव, तिथं ठेवू नको" असें कांहीं चाललें नव्हतें. तिच्या तोंडाकडेही तो पाहत नव्हता. त्याची सारी दृष्टि तिच्या पावलांवर होती आणि हात मोकळे होते. मधें ती एका डबक्यांतला खेंकडा पाहावयास थांबली. तो खेंकडा दगडाखालीं जाईपर्यंत तोही थांबला. मागून यात्रेकरूंपैकीं एक गृहस्थ आपल्या नातवाला "चल लवकर, उशीर होतो" म्हणत दंडाला धरून ओढीत घेऊन गेले. तो नातू खेंकड्याकडे मान वळवून वळवून पाहत गेला. त्या गृहस्थांस दोष द्यावा असें आम्हांस वाटलें नाहीं. आम्हीं त्यांच्यांत आपणासच ओळखलें.

आम्ही एका मोठ्या दगडावर बसून राहिलों आणि मनाशीं एक गोष्ट नीट उलगडून पाहिली. बहुव्रीहि शिकवितांना आमचें चित्त एकाग्र नव्हतें असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. तें इतकें एकाग्र होतें कीं समासाखेरीज दुसरें कांहीं दिसतच नव्हतें. एकाग्रता आणि अवधान यांत हा भेद आहे. एकाग्रता एका वस्तूवर ठरते आणि बाकीचें झांकून टाकते. अवधानांत मनुष्य जागा असतो: समोर काय आहे, आपल्या आंत काय चाललें आहे, आणि आपण आतां जें बोलणार त्यानें काय होईल, हीं तिन्ही त्यास एकदम ठाऊक असतात. झोंपलेलें मूल दिसल्याबरोबर आमच्या मनांत काय उठलें होतें? प्रथम राग, आणि त्या रागाच्या खालीं, 'आमचा इतका चांगला तास आणि हा झोंपतो!' हा दुखावलेला अभिमान. तो अभिमान त्या वेळीं जर आम्हांस दिसला असता, तर डस्टर कदाचित् हातांतच राहिलें असतें. मुलगा दिसण्याच्या आधीं आम्हांस आम्ही दिसावयास पाहिजे होतों.

अवधान हा शब्द मराठीला नवा नाहीं. ज्ञानेश्वरमहाराज नवव्या अध्यायाच्या आरंभींच श्रोत्यांपाशीं अवधान मागतात. बौद्धांच्या पाली ग्रंथांत याच जातीच्या साधनेला 'सति' म्हटलें आहे. सति म्हणजे संस्कृतांतील स्मृति. तिचा मूळ अर्थ आठवण असा होतो, आणि तो अर्थ आम्हांस फार मोलाचा वाटतो. त्याचा उपयोग पुढें होईल. ही साधना हल्लीं माइंडफुलनेस या इंग्रजी नांवानें जगभर फिरत आहे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेंत जॉन कबात-झिन यांनीं १९७९ सालीं दुखण्यांनीं गांजलेल्या रोग्यांसाठीं या साधनेचा एक क्रम सुरू केला, आणि पुढें १९९७ सालीं आपल्या पत्नीसह केवळ आईबापांसाठीं या विषयावर पुस्तक लिहिलें. आपल्याकडे सत्यनारायण गोयंका यांनीं ब्रह्मदेशांतून १९६९ सालीं भारतांत येऊन विपश्यनेचीं शिबिरें भरविण्यास आरंभ केला. १९७६ सालीं इगतपुरीस धम्मगिरीची स्थापना झाली. श्वास जसा येतो-जातो तसा केवळ जाणत राहावयाचा, ही आनापान नांवाची त्यांतील पहिली पायरी महाराष्ट्र शासनानें २०११-१२ च्या सुमारास 'मित्र उपक्रम' या नांवानें शाळांतही आणली. म्हणजे मुलांच्या अवधानाची व्यवस्था कागदोपत्रीं तरी झालेली आहे. मुलें डोळे मिटून श्वास पाहत असतां गुरुजी व्हरांड्यांत मोबाइल पाहत उभे आहेत, असें दृश्यही आम्हीं पाहिलें आहे. अर्थात् सर्वत्र असें असतें असें आमचें म्हणणें नाहीं.

हें आपल्या धर्माचें नव्हे, अशी शंका आमच्या ख्रिस्ती मंडळींपैकीं कोणी काढील. त्यांस आम्ही मार्काच्या शुभवर्तमानांतील पांचवा अध्याय पुन्हां एकदां सावकाश वाचावयास सांगूं. याईराची मुलगी मरणाच्या दारीं आहे. बाप पायां पडून बोलावतो आहे. प्रभु येशू निघाला आहे आणि भोंवतीं लोकांची चेंगराचेंगरी आहे. याहून अधिक घाईचा प्रसंग कोणता? त्या गर्दींत बारा वर्षें आजारी असलेली एक बाई मागून येऊन त्याच्या वस्त्राला केवळ शिवते. आणि तो थांबतो. शिष्यांस तें थांबणें वेडेपणाचें वाटतें. एवढ्या गर्दींत कोण शिवलें हें विचारण्यांत काय अर्थ, असा त्यांचा हिशेब असतो. पण तो त्या बाईचें सगळें म्हणणें ऐकून घेतो, आणि मगच पुढें जातो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटीं, मुलगी उठून चालूं लागल्यावर, सारें घर आश्चर्यानें थक्क होऊन उभें असतां त्याला काय आठवतें? तिला खावयास द्या, हें. आम्हीं हा अध्याय कितीदां तरी वाचला व शिकविला असेल. परंतु ते शेवटचे शब्द निंबाखालच्या भाकरीनंतरच आमच्या लक्षांत राहिले.

असो. उपदेश पुष्कळ झाला. वाचकांपैकीं शिक्षक असतील ते विचारतील कीं, साठ मुलांच्या वर्गांत पस्तीस मिनिटांच्या तासांत हें करावयाचें कसें? आम्हांस जें साधलें तेंच सांगतों, आणि तें फार थोडें आहे.

आम्हीं आरंभ हजेरीपासून केला. हजेरी घेतांना शिक्षकाची मान पटावर वांकलेली असते. नांव उच्चारावें, 'हजर' ऐकावें, खूण करावी, पुढें जावें. जनावरें मोजण्याची रीतही याहून कांहीं वेगळी नसावी. किंबहुना गुराखी गाईकडे पाहून मोजतो. आम्हीं असा नियम केला कीं, नांव वाचल्यावर मान वर करावयाची, आवाज आला त्या तोंडाकडे पाहावयाचें, आणि मगच खूण करावयाची. साठ मुलांस मिळून दोन-तीन मिनिटें अधिक लागतात. पहिल्या आठवड्यांत आम्हांस कळलें कीं एक मुलगी 'हजर' म्हणतांना कानावर हात धरते. तिचा कान वाहत होता. एक मुलगा सोमवारीं नेहमीं ओल्या शर्टानें येतो. शर्ट एकच होता आणि तो रविवारीं रात्रीं धुतला जाई. वर्षभर हीं मुलें आमच्यासमोर बसत होतीं.

या नियमानें एक फजितीही केली. एका मुलीनें मैत्रिणीस सांगितलें कीं, सर हल्लीं हजेरीला असे पाहतात, जणूं आपण कांहीं चोरलें आहे. तें आमच्या कानीं आलें आणि प्रथम रागच आला. पण तिचें खरें होतें. पाहण्यापाहण्यांत फरक असतो. पोलीसही लक्ष ठेवतो आणि आईही लक्ष ठेवते. मुलाला दोन्हींतला भेद पाठीमागूनही कळतो. पुढें आम्ही पाहण्याआधीं आपलें तोंड सैल सोडूं लागलों. हें ऐकण्यास विचित्र वाटेल, परंतु शिक्षकाचा जबडा बहुधा आवळलेला असतो. विश्वास नसेल त्यांनीं आपला आतां तपासून पाहावा.

रागाविषयींही तेंच. राग येऊं नये असा प्रयत्न आम्हीं पूर्वीं अनेक वर्षें केला व तो फसला. राग येतो आहे हें ओळखणें त्या मानानें सोपें आहे, कारण तो आधीं शरीरांत येतो. कानशिलें तापतात, आवाज एक पट्टी वर चढतो, बोटें खडू मोडतात. आमच्या हातांत खडू मोडला कीं आम्ही फळ्याकडे वळून तीन श्वास घेतों. मुलांस वाटतें कीं सर कांहीं लिहिणार आहेत. तीन श्वासांनीं राग जात नाहीं. पण मुलाला काय झालें असेल हा प्रश्न मनांत शिरावयास तेवढी फट पुरते. गेल्याच महिन्यांत एकदां आम्ही खडू मोडल्यावरही वळलों नाहीं, आणि जें बोललों त्याची क्षमा दुसऱ्या दिवशीं सर्व वर्गासमोर मागावी लागली. तेव्हां आम्ही या विद्येंत अजून पहिल्या इयत्तेंतच आहों.

मॅडम मॉण्टेसोरी १९३९ सालीं भारतांत आल्या व युद्धकाळांत येथेंच राहून त्यांनीं पुष्कळ शिक्षक तयार केले. त्यांच्या पद्धतींत शांततेचा एक पाठ असतो. मुलें निश्चल बसतात, आणि शिक्षिका दुसऱ्या खोलींतून एकेका मुलाचें नांव अगदीं हळूं, कुजबुजल्यासारखें उच्चारते. ज्याचें नांव येईल तें मूल आवाज न करतां उठून तिच्याकडे जातें. पाठ मुलांच्या कानांसाठीं आहे खरा, परंतु तें करून पाहिल्यावर आमच्या लक्षांत आलें कीं, नांव कुजबुजून उच्चारावयाचें तर तें मूल डोळ्यांपुढें आणल्यावांचून उच्चारतांच येत नाहीं. ओरडतांना मूल आठवावें लागत नाहीं.

आणि अवधान केवळ वर्गाच्या चार भिंतींत राहत नाहीं, याचें मोठें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ काढला, १९४५ सालीं त्या बोर्डीस गेल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह आदिवासी मुलांत काम केलें. मुलें शाळेंत कां येत नाहींत, हें त्यांनीं घरोघर जाऊन पाहिलें. मुलें गुरें राखीत होतीं व धाकटीं भावंडें सांभाळीत होतीं. मुलें आळशी आहेत असा शेरा मारून बसण्याऐवजीं त्यांनीं शाळाच अंगणांत नेली, तिला अंगणवाडी म्हटलें. आणि कुरणांत नेली, तिला कुरणशाळा म्हटलें. आम्हीं उभ्याची शिक्षा दिली त्या ठिकाणीं ताराबाई असत्या तर त्यांनीं काय केलें असतें, हा विचार मनांत येतो.

आमच्या त्या शाळेंत पुढें आम्हीं एक लहानसें काम हातीं घेतलें. दिवाळीपूर्वींच, सहामाही परीक्षेच्या दिवसांत, कोणाचे आईबाप टोळींत जाणार व कोणतीं मुलें त्यांच्याबरोबर ओढलीं जाणार, याची यादी करावयाची, म्हणजे हंगामी वसतिगृहाचा अर्ज वेळेवर जातो. विचारलें तर मुलें सांगत नाहींत. त्यांस लाज वाटते. पण दिसतें. एका मुलीनें ग्रंथालयाचें पुस्तक मुदतीच्या आधीं, अर्धेंच वाचून परत केलें. एका मुलानें विचारलें कीं, किती दिवस गैरहजर राहिलें म्हणजे पटावरून नांव जातें? त्यांच्या घरीं वेळेवर जातां आलें. मुलीला आजीजवळ ठेवण्यास तिचे आईबाप तयार झाले. मुलगा मात्र गेला. त्याच्या घरीं आजी नव्हती, आणि आमच्याजवळ आजी कोठून असणार? अवधानानें उचल फिटत नाहीं. तें जाणूनच हें काम करावें लागतें.

कपिलधारच्या त्या संध्याकाळची एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे. आम्ही शेवटच्या एस. टी. ची वाट पाहत त्या घराच्या ओट्यावर बसलों होतों. अंधार पडला होता. दिंडींतील टाळांचा आवाज दरींतून येत होता. इतक्यांत आजीच्या मोबाइलची घंटी वाजली. फोन मुलांच्या आईचा होता. पहांटेपासून ऊस तोडून ती नुकतीच खोपीवर आली होती. आजीला ऐकूंही कमी येई, म्हणून मुलगा फोनचा आवाज मोठा करून मध्यें ठेवीत असे. त्यामुळें तें बोलणें आमच्या कानीं पडलें. अभ्यास केला का, मस्ती करूं नका, असें ती कांहीं बोलली नाहीं. थोडा वेळ नुसताच फडाचा वारा ऐकूं येत होता. मग तिनें मुलीस नांवानें हांक मारली आणि विचारलें,

"खालचा दात पडला का गं? हालत व्हता तो?"

मुलगी म्हणाली, "न्हाई. दादा मला भाकरीच्या कडा खाऊच देत न्हाई."

पलीकडून हंसण्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ कोणी बोललें नाहीं, आणि फोनही कोणी बंद केला नाहीं. दीडदोनशें मैलांवर, दिवसभर कोयता चालवून आलेल्या त्या बाईला आपल्या मुलीचा कोणता दांत हालतो हें आठवत होतें. मुलगी तोंड उघडून, बोटानें तो दांत हालवून फोनला दाखवीत होती.

एस. टी. आली. दुसऱ्या आठवड्यांत, मंगळवारीं, प्राथमिकच्या बाई सांगत आल्या कीं दुसरींतल्या त्या मुलीचा दांत वर्गांतच पडला, आणि ती तो कागदांत गुंडाळून आठवीच्या वर्गाबाहेर उभी आहे. आमचा तास चालू होता. तिसऱ्या बांकाकडे पाहून आम्हीं त्या मुलास बाहेर जावयास सांगितलें.